सेलची यादी पितृपंधरवड्यातच करा : इंदूरकरांसाठी दसरा-दिवाळीच्या खरेदीचा हिशोब

घटस्थापना झाली की सेल सुरू होतात. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि मोठे ऑनलाइन सेल त्याच आठवड्यात उघडले. त्याच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. या दिवसांत आपल्याकडे नवी वस्तू घरात आणत नाहीत, आणि नेमके हेच पंधरा दिवस तयारीला मिळतात. एकदा सेल लागला की डोळ्यांसमोर फक्त सवलत राहते आणि घरात काय आहे, काय बिघडलंय, किती पैसे आहेत हे सगळं मागे पडतं. म्हणून पाहणी, मोजमाप, भावाची नोंद ही कामं आधी उरकायची आणि सेलमध्ये फक्त यादीवरचं घ्यायचं. ते कसं करायचं आणि कुठे चुकतं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

आधी घरातली पाहणी

एक वही घ्या. वस्तूचं नाव, ती किती वर्षांची आहे आणि तिला नेमकं काय झालंय, एवढं लिहा. ‘जुनी झाली’ हे कारण लिहायचं नाही, बिघाड लिहायचा. दिवाळीत बदलल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तू किरकोळ दुरुस्तीत चालू होतात.

मिक्सर अचानक बंद पडला असेल तर तो उलटा करून तळाचं लाल बटण दाबून पाहा. तो ओव्हरलोड स्विच. लाडवांसाठी साखर किंवा डाळ भांडं भरभरून वाटली की मोटरवर भार येतो, स्विच पडतो आणि मोटर जळण्यापासून वाचते. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, बहुतेकदा मिक्सर चालू होतो. मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नसेल तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी चकती, झिजलाय. भांड्याखालून पाणी गळत असेल तर बुश आणि वॉशर गेलंय. तळाशी खूप ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश संपत आलेत. हे सगळे सुटे भाग मिळतात आणि नव्या मिक्सरच्या तुलनेत फार स्वस्त पडतात.

फ्रिज नीट थंड करत नसेल तर दाराच्या रबराची परीक्षा घ्या. दहा रुपयांची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर अडकवा, दार लावा आणि नोट ओढा. ती अडखळत निघाली तर रबर ठीक आहे. सहज सुटून आली तर तिथून थंडावा बाहेर जातोय. चारही बाजूंना असं करून पाहा. बिजागरीकडची बाजू आणि खालचा कोपरा बहुधा आधी सैल होतो. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, खाचेत साचलेला चिकटा काढा. तरी सैलच राहिलं तर मॉडेल क्रमांक सांगून ते रबर (गॅस्केट) बदलून घ्या. मागची जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ झाडा. नाहीतर कॉम्प्रेसर विनाकारण जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं.

एलईडी टीव्हीचा आवाज येतो पण चित्र दिसत नाही, अशी तक्रार असेल तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरकी धरा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, मागच्या उजेडाच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या बदलता येतात. पॅनेललाच तडा गेला असेल किंवा उभ्या रंगीत रेघा आल्या असतील तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही. वॉशिंग मशीनमध्ये पाणी फार सावकाश भरत असेल तर नळी काढून तिच्या तोंडाशी असलेली जाळी पाहा. बोरिंगचं पाणी असलेल्या घरांत तिथे खार साचतो.

मोबाइलचं थोडं वेगळं आहे. बॅटरी दुपारपर्यंत संपते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तिच्यावर नवी बॅटरी हा उपाय आहे, नवा मोबाइल नव्हे. चार्जिंग अडखळत असेल तर मोबाइल बंद करून चार्जिंगच्या भोकातला कापूस-धूळ लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा पिन घालू नका. स्टोरेज ९० टक्क्यांच्या वर भरलं असेल तर तो मंद चालणारच. मात्र कंपनीने सुरक्षा अपडेट देणं थांबवलं असेल आणि त्याच मोबाइलवर तुमची बँक चालत असेल, तर तो बदलणं योग्य आहे. त्या बाबतीत काटकसर करू नये.

दुरुस्तीचा नियम सोपा ठेवा: खर्च नव्या वस्तूच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल आणि निदान दोन वर्षं जाणार असतील तर दुरुस्त करा. मोबाइल आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी जेल रोडचा परिसर, विजेच्या वस्तूंसाठी महाराणी रोड, ही दोन्ही ठिकाणं राजवाड्यापासून लांब नाहीत. घटस्थापनेनंतर तिथले कारागीर कामात बुडालेले असतात. पितृपक्षात गेलात तर नीट पाहून देतील.

या पाहणीतून जे उरेल तेच ‘हवं’च्या रकान्यात. त्यासमोर बजेटचा आकडा आणि माप दोन्ही लिहा. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट यांच्यासाठी ठेवायची जागा तर मोजाच, पण जिन्याची रुंदी, वळण आणि दाराची चौकटही मोजा. रामबागेतली, नारायण बागेतली जुनी घरं असोत की नव्या इमारतींमधल्या लिफ्ट, अडतं ते इथेच. फ्रिजच्या मागे आणि बाजूला हवेसाठी किती जागा सोडायची ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. तेवढी धरून माप घ्या. दारातून न गेलेला फ्रिज परत जातो तेव्हा टेम्पोची एक फेरी वाया जाते, तुमचे चार-आठ दिवस जातात, आणि बाहेर काढलेलं पॅकिंग बहुधा पुन्हा वापरता येत नाही.

भावाची नोंद

सवलतीची टक्केवारी एमआरपीवर मोजलेली असते आणि त्या भावाने ती वस्तू एरवीही कोणी घेत नाही. ‘६० टक्के सूट’ या आकड्यावरून म्हणून काहीच कळत नाही. कळतं ते आधीच्या महिन्यातल्या प्रत्यक्ष विक्रीच्या भावावरून. यादीतल्या प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून ठेवा आणि सेल लागेपर्यंत दर रविवारी तिचा भाव टिपा. तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. मॉडेल क्रमांकातलं एखादं अक्षर बदललं तरी आतली मोटर, पॅनेल किंवा मेमरी वेगळी असू शकते. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन वस्तूंचे भाव ताडून पाहण्यात अर्थ नाही.

तुलना कराच्या बाबतीतही सरळ हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याच्या आधीचा भाव दाखवून कोणी ‘एवढा उतरवला’ म्हणत असेल तर त्यातला काही भाग कराचा आहे.

ऑनलाइन भाव हाती आला की एकदा दुकानातही विचारा, आणि कोटेशन कागदावर घ्या. त्यात जीएसटी, घरपोच, मजल्यावर चढवणं, बसवणं हे सगळं धरलंय का ते विचारा. एसीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. जाहिरातीत यंत्राचा भाव असतो. बाहेरच्या युनिटचा स्टँड, जादा तांब्याची नळी, वायर, स्टॅबिलायझर आणि बसवणावळ मिळून रक्कम काही हजारांनी वाढते. पाण्याच्या फिल्टरचा मेम्ब्रेन आणि काडतुसं, प्रिंटरची शाई, यांचाही वर्षाचा खर्च आधी विचारून घ्यावा. स्वस्त प्रिंटर शाईने महाग पडतो.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंची खरी किंमत काढायची ती अशी: बिलाची रक्कम, अधिक बसवण्याचा खर्च, अधिक वर्षाचे युनिट गुणिले तुमचा दर गुणिले वर्षं. वर्षाचे युनिट बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवर छापलेले असतात. समजा एका फ्रिजवर २४५ युनिट आहेत आणि दुसऱ्यावर २००. फरक ४५ युनिटचा. युनिटला सरासरी ८ रुपये धरले तर वर्षाला ३६० आणि दहा वर्षांत ३,६०० रुपये. दुसरा फ्रिज अडीच हजारांनी महाग असला तरी तोच घ्यावा. आपल्या देशातल्या विजेच्या दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशोबाने दहा वर्षांत सव्वातीनशे किलोच्या आसपास फरक पडतो.

इथे एक मेख आहे. लेबलवर त्याच्या वैधतेचा काळही छापलेला असतो. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या काळातला ५ स्टार नव्या काळात ४ किंवा ३ ठरू शकतो, आणि सेलमध्ये जुना साठा निघतो. तेव्हा स्टार मोजू नका, युनिट वाचा. क्षमताही सारखी आहे ना ते बघा. २५० लिटरची तुलना १९० लिटरशी होत नाही.

आणि सर्वांत महागडी चूक: नवा फ्रिज आला की जुना गॅलरीत ‘पाण्याच्या बाटल्यांसाठी’ चालू राहतो. जुना, मोठा, सैल रबराचा फ्रिज वर्षाला ४५० युनिट खात असेल तर ३,६०० रुपये दरवर्षी जातात. नव्याने वाचवलेली सगळी वीज तो एकटा संपवतो. नवा घरात आला त्याच दिवशी जुना बाहेर जायला हवा.

हप्त्यांचं गणित

‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज असतं. शून्य टक्के व्याजाच्या योजना मान्य नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. त्यामुळे प्रत्यक्षात व्याज लागतं आणि तेवढी रक्कम भावात सूट म्हणून आधीच वजा होते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुम्ही भरता.

२४,००० रुपयांचा मोबाइल बारा हप्त्यांवर घेतलात, महिना २,०००, व्याजदर १५ टक्के. बँकेच्या लेखी कर्ज साधारण २२,१६० रुपयांचं आणि व्याज १,८४० रुपयांचं. त्यावरचा जीएसटी सुमारे ३३१. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५. म्हणजे ५६६ रुपये जादा गेले. रोख किंवा एकरकमी भरणाऱ्याला पाच टक्के सूट मिळत असेल तर तुमचे १,२०० रुपये आणखी गेले. एकूण १,७६६. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला किंवा बँकेला हे तीन आकडे विचारा: व्याज किती, त्यावर कर किती, शुल्क किती. चौथा प्रश्न, वस्तू परत केली तर यातलं काय परत मिळतं. शुल्क आणि कर बऱ्याचदा मिळत नाहीत.

कार्डाचं बिल पूर्ण न भरणं याहून फार वाईट. अनेक कार्डांवर थकबाकीचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२. थकबाकी २०,००० असेल तर एका महिन्याचं व्याज ७००, त्यावर जीएसटी १२६. तुम्ही त्या महिन्यात १,००० रुपये भरलेत तर मूळ रकमेतून गेले फक्त १७४. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा त्याच कार्डावर घेतलात तरी पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. घरात आधीच दोन हप्ते चालू असतील तर या दिवाळीत तिसरा घेऊ नका, सूट कितीही असो. आमचं याबाबत ठाम मत आहे, कारण नोव्हेंबरातला हप्ता मार्चमध्ये मुलांच्या शाळेच्या फीच्या वेळीही चालूच असतो.

बँकेच्या सवलतीची किमान रक्कमही बघा. समजा ५,००० च्या वर १० टक्के सूट आहे आणि तुमची यादी ४,२०० ला संपते. सूट मिळवायला ८०० ची वस्तू टाकली की ५०० सुटतात आणि भरावे लागतात ४,५००. यादीबाहेरच्या वस्तूसाठी ३०० रुपये जादा गेले आणि घरात एक नको असलेली वस्तू आली. ती यादीत पुढच्या महिन्यासाठी लिहिलेलीच असेल, तेल, साबण, डायपर, तर मात्र जरूर घ्या.

बटण दाबण्याआधी

यादीतली वस्तू कार्टमध्ये टाका आणि एक रात्र जाऊ द्या. ‘फक्त २ उरले’, ‘१२ मिनिटं बाकी’ असली खोटी घाई दाखवणं ही फसवी पद्धत आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ पद्धतींची यादी दिली आहे. न विचारता कार्टमध्ये जादा वस्तू घालणं आणि शेवटच्या पायरीला शुल्कं वाढवत नेणं हेही त्यात आहे. म्हणून पैसे भरण्याच्या पानावर प्रत्येक ओळ वाचा: वाढीव वॉरंटी, विमा, देणगी, हाताळणी शुल्क. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार खरेदीची संमती आधीच टिक करून ठेवता येत नाही. तशी टिक दिसली तर काढा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

एकाच ठिकाणाहून मागवायच्या वस्तू एका ऑर्डरमध्ये घाला आणि ‘सगळं एकत्र पाठवा’ किंवा उशिराच्या पोचीचा पर्याय असेल तर तो निवडा. तातडीच्या पोचीत गाडी अर्धी भरलेली असली तरी निघते. पत्त्यात मजला आणि खूण लिहा, पार्सल येईल त्या वेळी घरी कोणीतरी असू द्या. देवास नाक्याकडच्या गोदामातून सुदामा नगरला आलेला माणूस कुलूप बघून परत गेला की तीच फेरी दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. पार्सल पोचवणाऱ्या त्या मुलाच्या दिवसातूनही तेवढा वेळ जातो.

कपडे

परत जाणाऱ्या मालात कपडे फार. कारण माप. ‘एम’ आणि ‘एल’ दोन्ही मागवून एक परत पाठवणं सोयीचं वाटतं, पण परत गेलेलं पार्सल पुन्हा गाडी, गोदाम, तपासणी, घडी, नवी पिशवी एवढं सगळं फिरतं, आणि कमी भावाचा कपडा काही वेळा पुन्हा विक्रीलाही लागत नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज सर्रास दिला जातो, त्यातलं बरंचसं कापसाच्या शेतात.

माप घ्यायचं ते अंगाचं नव्हे, नीट बसणाऱ्या कुर्त्याचं. तो टेबलावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ती छाती. खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत खांदा, खांद्याच्या वरच्या टोकापासून घेरापर्यंत उंची, आणि बाहीची लांबी. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मग विक्रेत्याने दिलेल्या मापांच्या तक्त्यात पाहताना तो अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या, ते वाचा. अंगाच्या मापाचा असेल तर तुमच्या कपड्याच्या आकड्यातून दोन ते चार इंच ढिलाई वजा करून ताडा. गोंधळ बहुधा इथेच होतो.

कापडाचा मजकूर वाचा. ‘कॉटन ब्लेंड’ या शब्दात पॉलिएस्टर किती ते कळत नाही. टक्केवारी दिली नसेल तर घेऊ नका. पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासून बनलेलं प्लास्टिकच, प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. कापडाबद्दल शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळा, पाण्याची वाटी जवळ ठेवून. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

पाडव्याच्या साडीसाठी सेलमध्ये ‘माहेश्वरी सिल्क’ असं लिहिलेलं खूप दिसतं. महेश्वर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढलेली ती विणाई आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हातमागाची माहेश्वरी ओळखायची तर काठ उलटून पाहा, दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखी स्वच्छ दिसते. काठाच्या अगदी कडेला ठरावीक अंतरावर टाचणीने पडल्यासारखी बारीक भोकं दिसतात. मागावर कापड ताणून धरल्याची ती खूण. वीण उजेडासमोर धरली की कुठे किंचित दाट, कुठे विरळ लागते. फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. अशी साडी शितलामाता बाजारात, किंवा शक्य असेल तर महेश्वरला जाऊन, हातात घेऊनच घ्यावी. ती वीस वर्षं नेसता येते, आणि तिच्या भावात सेलच्या पाच साड्या येत असल्या तरी त्या पाचांची गरज असेलच असं नाही.

पार्सल उघडताना

महागड्या वस्तूचा खोका उघडताना व्हिडिओ काढा. एकाच सलग चित्रीकरणात आधी पत्त्याचं लेबल, मग चारही बाजूंच्या पट्ट्या, मग कापणं, मग आतली वस्तू आणि तिच्यावरचा सीरियल क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशेजारी धरून. मध्ये थांबवून जोडलेला व्हिडिओ तक्रारीत टिकत नाही. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोका आणि आतलं पॅकिंग ठेवा, त्यानंतर लगेच मोकळं करा.

मोकळं करण्याचीही पद्धत आहे. चिकटपट्टी ओढून काढा, ती पुठ्ठ्यासोबत लगद्यात गेली तर अडचण करते. पत्त्याच्या लेबलवर तुमचं नाव, फोन, पत्ता असतो. ते सोलून बारीक फाडा, निघत नसेल तर थोडं खोबरेल लावून दहा मिनिटांनी खरवडा किंवा काळ्या मार्करने खोडा. खोका सपाट करा आणि कोरडा ठेवा. ओला पुठ्ठा रद्दीवालाही घेत नाही. कागदी दिसणाऱ्या पाकिटाच्या आत बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर दोन्ही वेगळे करा, सुटत नसतील तर प्लास्टिकमध्ये टाका. थर्मोकोल मोडू नका. त्याचे दाणे झाडूलाही सापडत नाहीत आणि पहिल्या पावसात नाल्यातून कान्ह नदीत जातात. अख्खा ठोकळा तसाच द्या. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात नकोत.

आपल्या शहराची कचरागाडी सहा प्रकार वेगळे घेते: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं ते याच वर्गवारीच्या जोरावर. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. त्या ओल्या कचऱ्यात फराळाच्या खरकट्यासोबत पार्सलची पिशवी गेली की ती तिथे कोणाला तरी हाताने वेचावी लागते. दिवाळीच्या साफसफाईत एका दिवशी सगळं बाहेर काढण्याऐवजी आठवडाभर थोडं थोडं द्या, गाडीतले सुक्याचे कप्पे त्या दिवसांत लवकर भरतात. वापरण्याजोगे कपडे, खेळणी, पुस्तकं महापालिकेच्या थ्री-आर (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रात द्या. धुऊन, घडी करून, बटणं लावून.

जुन्या वस्तूचं काय

नवी वस्तू घेताना जुनीचा मार्ग आधीच ठरवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात एक्स्चेंजचा भाव ऐकाल तेव्हा, नेलेली वस्तू कुठे जाते तेही विचारा. भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देतो म्हणून फ्रिज त्याला देऊ नका. तो आधी तांब्याची नळी कापतो आणि गॅस हवेत सोडतो. जुन्या फ्रिजमधल्या आर-१३४ए या गॅसची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. १२० ग्रॅम गॅस सुटला तर ते १७० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं झालं. वायरी जाळून तांबं काढतानाचा धूर तर त्या वस्तीतल्या मुलांच्याच छातीत जातो. जुन्या खोकेवाल्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तो फोडायला कधीही देऊ नये. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेतात त्याच विक्रेत्याला द्या, आणि पावती घ्या.

मोबाइल देण्याआधी हा क्रम पाळा: फोटो आणि संपर्कांचा बॅकअप, यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स बंद, मेलचं खातं साइन आउट, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर, आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलात तर पुढच्याला तो मोबाइल उघडता येत नाही आणि चालू वस्तू भंगारात जाते.

बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, स्वयंपाकघर आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा आणि कचरागाडीवाल्याला सांगून ई-कचऱ्यात हातात द्या. सुक्या कचऱ्यात लपलेली अशी बॅटरी गाडीत दाबली गेली की आग लागते. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

बिल आणि तक्रार

बिल छापील असेल तर त्याचा फोटो काढा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. वॉरंटीची नोंदणी आठवडाभरात करा. वस्तू सदोष निघाली किंवा पैसे परत मिळाले नाहीत तर आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि ती महिन्याभरात निकाली काढणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. फोन करण्याआधी बिल, ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याचा पुरावा, आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ समोर ठेवा, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात सांगा: वस्तू बदलून, दुरुस्त करून, की पैसे परत.